दुपारचं पाणी

नाझरकाकांकडे कुणी आजारी झाड घेऊन आलं की ते झाडाकडे बघायचेच नाहीत. आधी माणसाला खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे, आत काकूंना चहा टाकायला सांगायचे आणि मग चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "घरात काय झालं?"

आलेला माणूस गोंधळायचा. "घरात काही न्हाई काका. ह्याची पानं तपकिरी पडून राहिलीत."

"ते दिसून राहिलंय मला. पाणी कोण घालतं?"

"बायको."

"ती हाय का घरी?"

मग हळूहळू सगळं बाहेर यायचं. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली असायची. नाहीतर पाहुण्यांना दाखवायला म्हणून कुंडी गच्चीवरून बैठकीत आणलेली असायची आणि पाहुणे गेल्यावर तिथंच राहिलेली असायची. एका घरी कूलर खिडकीत बसवला होता आणि त्याच्या मागची गरम हवा दिवसभर झाडावर येत होती. काका सगळं ऐकून घ्यायचे, मध्येच एखादा प्रश्न टाकायचे आणि शेवटी झाड पुढ्यात ओढायचे. तोवर त्यांचं निदान बहुतेक झालेलं असायचं.

नाझर हा त्यांचा हुद्दा. बिलोली, देगलूर, नांदेड अशा कोर्टांत त्यांची नोकरी झाली. समन्स बजावायला जाणारे बेलिफ त्यांच्या हाताखाली आणि कोर्टातलं सामानसुमान त्यांच्या ताब्यात असायचं. दारावर माधवराव अशी पाटी होती, पण आमच्या कॉलनीत ते नाव कुणी घेत नसे. पोस्टमनसुद्धा नाझरसाहेब म्हणूनच हाक मारायचा. आम्ही नांदेडला त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा त्यांची निवृत्ती जवळ आली होती. दोन्ही घरांच्या गच्च्या एकमेकींना लागून होत्या, मध्ये कमरेएवढी भिंत. मी सकाळच्या कॉलेजात भूगोल शिकवायचे, दुपारी बाराच्या सुमाराला घरी यायचे.

त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट त्यांच्या मुलीनं, वैशालीनं, मला सांगितली होती. बिलोलीला असताना दोन भावांच्या भांडणातलं एक शिलाई मशीन कोर्टात जमा झालं. खटला रेंगाळला. मशीन मुद्देमालाच्या खोलीत, मोडक्या सायकली आणि कंदिलांच्या गर्दीत पडून. काका अधूनमधून घरून तेलाची कुपी न्यायचे, मशीनला तेल द्यायचे, चाक चार वेळा फिरवायचे आणि फडकं टाकून परत यायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "निकाल लागायचा तवा लागल. ज्याच्या घरी जाईल त्याच्याकडं मशीन चाललं पायजे." बऱ्याच वर्षांनी थोरल्या भावाच्या विधवेला ते मिळालं. तिनं कोर्टाच्या ओट्यावरच बसून पायडल मारून बघितलं. चाललं. ती इकडंतिकडं कुणाला तरी शोधायला लागली तेव्हा काका आत जाऊन फायलींमागं बसले होते.

माझी त्यांची खरी ओळख झाली ती एका मेलेल्या झाडामुळं. माझ्या मिस्टरांना ऑफिसातून भेट म्हणून जुनिपरचं बोन्साय मिळालं होतं. मी ते हौसेनं टीव्हीच्या बाजूला ठेवलं. दोनेक महिन्यांत त्याच्या शेंड्यांची पानं तपकिरी व्हायला लागली. शेजारच्या एकीनं सांगितलं, नाझरसाहेबांना दाखवा. मी कुंडी घेऊन गेले. नेहमीची उलटतपासणी झाली. मग त्यांनी अंगठ्याच्या नखानं खोडाची साल जराशी खरवडली. खाली तपकिरी. आणखी खाली खरवडली. तिथंही तपकिरी.

"बाई, हे गेलं."

"पण काका, अर्धं तर अजून हिरवं आहे."

"जुनिपरचं असंच असतं. मुळं मेली तरी पानांना लई दिवस पत्ता लागत न्हाई. तुमच्या टीव्हीपाशी हिरवंगार दिसत होतं ना, तवाच गेलेलं होतं हे. ह्याला उघड्यावर ठेवावं लागतं, उन्हात, वाऱ्यात."

माझा चेहरा पडला असणार. आतून उषाकाकूंचा आवाज आला, "अहो, असं तोंडावर सांगतेत का?"

"मग कुठं सांगू?"

काकू बाहेर आल्या, माझ्या हातात सुशीलाची, फोडणीच्या भिजवलेल्या मुरमुऱ्यांची, बशी दिली आणि नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "कोर्टात राहून राहून ह्यांना निकालच द्यायची सवय लागली. खा गं तू. झाडच होतं, दुसरं आणशील."

मी दुसरं आणलं नाही. पण त्या दिवसापासून त्या घरात माझं येणंजाणं सुरू झालं.

काकांचं स्वतःचं जुनिपर गच्चीच्या पूर्वेच्या कठड्यावर असायचं. एकदा खात्याच्या कामासाठी पुण्याला गेले होते, तिथल्या प्रदर्शनातून आणलेलं. एसटीत मांडीवर घेऊन आले होते म्हणे, कुणाला धक्का लावू दिला नाही. हातभर उंचीचं ते झाड, खोड एका बाजूला कललेलं, जणू कुठल्या तरी डोंगरावर सतत वारा सोसतंय. बारीक खवल्यांसारखी पानं. काका रोज सकाळी आंघोळीनंतर त्याच्यापुढे उभे राहायचे, कुंडीत एक काडी खुपसायचे, काढून बघायचे, ओल असेल तर पाणी न घालताच खाली यायचे.

काकूंना ह्या सगळ्याचं हसू यायचं. त्या अर्धापूरच्या. माहेरी केळीच्या बागा. त्यांच्या दृष्टीनं झाड म्हणजे भराभरा वाढणारं, पाटाचं पाणी ढसाढसा पिणारं आणि घड देणारं. त्यांचे धाकटे भाऊ दिगंबरमामा नांदेडला आले की त्या बोन्सायची हमखास टर उडवायचे.

"दाजी, किती वर्षांचं हाय म्हणले हे?"

"आपल्यापेक्षा थोडं लहान असल."

"आणि एवढंच? आमची केळ वरीस भरायच्या आत माणसाच्या डोक्याच्या वर जाती."

काकूंना जोर यायचा. "विचार की, फळ काय येतं ते बी विचार."

"फळ येत न्हाई," काका शांतपणे म्हणायचे, "म्हणून तर कुणी चोरत न्हाई."

मामा मांडीवर थाप मारून हसायचे. जाताना मात्र केळीचा घड ठेवून जायचे, आणि त्यातली एक फणी आमच्याकडे यायची.

एका दुपारी मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले, तर काकू जिन्यातून वर आल्या. हातात फुलपात्र. एकदा मागं वळून जिन्याकडे बघितलं, सरळ जुनिपरपाशी गेल्या, पाणी ओतलं, कुंडीच्या काठावरचे थेंब पदरानं पुसले आणि वळल्या तर समोर मी.

"सांगू नको गं त्यांना," त्या म्हणाल्या. "सकाळी एवढंसं पाणी घालतेत, कधी तेबी न्हाई, आणि दिवसभर उन्हात उभं करतेत. माझ्यानं बघवत न्हाई."

"पण काकू, काका तर म्हणतात की ओल असताना..."

"त्यांचं त्यांच्यापाशी. बागायतीत वाढलेली हाय मी. तहान कळती मला."

काका तेव्हा कोर्टात असायचे. पुढं निवृत्त झाले तरी फरक पडला नाही, कारण जेवल्यावर ते पंखा लावून गाढ झोपायचे. काकूंचं दुपारचं पाणी चालूच राहिलं. मीही कुणाला बोलले नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुमाराला, ते जुनिपर बिघडलं. आधी आतल्या बाजूची पानं तपकिरी झाली. काका म्हणाले, "हे म्हातारपण हाय, आजार न्हाई. आतल्या जुन्या पानांना ऊन मिळत न्हाई, दरसाल गळतेत." पण मग फांद्यांचे शेंडेही निस्तेज झाले. काकांनी फांदीखाली पांढरा कागद धरला, वर टिचकी मारली आणि कागदावर पडलेला धुरळा भिंगातून बघत बसले. त्यातला एखादा ठिपका हलला तर लाल कोळी ही कीड. हलल्यासारखा वाटला त्यांना. मग कडुनिंबाच्या तेलाची फवारणी सुरू झाली, पानांच्या खालून वरून पाण्याचा जोरदार फवारा सुरू झाला. महिना गेला. उजवीकडची एक अख्खी फांदी वाळली. लोकांची झाडं बरी करणारा माणूस स्वतःच्या झाडापुढे हात चोळत बसलेला मी तेव्हा बघितला. जेवणात लक्ष नसायचं. काकू म्हणायच्या, "एवढं तर मला ताप आला तवा बी केलं न्हाई ह्यांनी." असं म्हणायच्या आणि दुपारी, झाड सुकायला लागलंय म्हणून, एकाऐवजी दोन फुलपात्रं ओतायच्या.

शेवटी एका रविवारी काकांनी झाड कुंडीतून बाहेर काढलं. माती चिखलासारखी. उजव्या बाजूची मुळं काळी पडलेली, हातात घेतली की साल सुटून येत होती, आणि नासलेल्या गवताचा वास. काका बराच वेळ त्या मुळांकडे बघत राहिले. मग त्यांनी मला भिंतीवरून हाक मारली.

"बाई, तुमची साक्ष पायजे."

मी गेले. काकू तिथंच जिन्याच्या वरच्या पायरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या.

"मी सकाळी काडी घालून बघून पाणी घालतो. जास्त कधी होत न्हाई. तरी मूळ कुजलं. दुपारी तुम्ही घरी असता. हितं कोण येतं?"

काकूंचे हात थांबले नाहीत, पण मान खाली गेली.

"कबुतरं येतात काका."

"आणिक?"

"मला तर कुणी दिसलं नाही."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. माझ्याकडे बघितलं. मग जिन्याकडे बघितलं. शेंगा फोडल्याचा आवाज एकाएकी फार भराभरा यायला लागला होता.

"साक्षीदार फितूर," ते म्हणाले आणि कात्री घेऊन काळी मुळं कापायला बसले.

मला वाटलं, आता संध्याकाळी घरात भांडण होणार. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी काका स्कूटर घेऊन गावाबाहेरच्या वीटभट्टीवर गेले आणि पोतंभर विटांचे तुकडे घेऊन आले. ते फोडले, चाळले, बारीक भुकटी टाकून दिली, ज्वारीच्या दाण्याहून जरा मोठे खडे तेवढे ठेवले. त्यात भरड वाळू मिसळली. चाळायला काकूच बसल्या होत्या मदतीला. झाड त्या खड्यांत बसवून झालं तसं त्यांनी विचारलं, "आणि माती कुठाय?"

"माती न्हाई. आता हे असंच राहील. पाणी धरत न्हाई हे, वरून ओतलं की खालून गेलं. म्हणून ह्याला दोनदा पाणी लागणार. सकाळी मी घालीन. दुपारचंच काय करावं कळंना. मला जेवल्यावर झोप आवरत न्हाई."

काकूंनी चाळणी झटकली. मग म्हणाल्या, "मी घालीन की."

"जमंल का?"

"न जमायला काय झालं? दुपारी दुसरं काय करून राहिले मी?"

काका माझ्याकडे पाठ करून हात धुवायला गेले. त्यांचे खांदे हलत होते. हसू दाबताना मी त्यांना बघितलं ते तेवढंच.

त्यानंतर काकू उजळ माथ्यानं गच्चीवर यायला लागल्या. झाडाला सावरायला वर्ष लागलं. वाळलेली फांदी काकांनी कापली नाही, तिची साल सोलून ती तशीच ठेवली. पांढरी पडली, झाडाला शोभून दिसली. एकदा मेथी निवडताना काकू मला म्हणाल्या, "त्यांना समजलंय गं सगळं. मला एका शब्दानं बोलले न्हाईत. झाडाचंच बिऱ्हाड बदललं त्यांनी."

ती वर्षं चांगली होती. निवृत्तीनंतर काकांकडे झाडं घेऊन येणाऱ्यांची वर्दळ वाढली. आजारी झाडाला काय करू नये हेच ते जास्त सांगायचे. खत घालू नका, कापू नका, उगी इकडून तिकडं हलवू नका. "आजारी माणसाला जेव जेव करून राहिलं तर तो जेवतो का?" औषधही एका वेळी एकच. दोन दिली आणि झाड सुधारलं तर कशानं सुधारलं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडणं. एका केमिस्टनं तीन औषधं मिसळून फवारली होती, त्याला त्यांनी झाडाआधी चहा घेतला का विचारलं. तो म्हणाला, घेतला. "त्यात काढा आणि ताक मिसळून घ्यायचा होता की," काका म्हणाले. पुढच्या खेपेला तोच माणूस कागदावर हलणारे ठिपके घेऊन आला, लहान मुलासारखा खूश होऊन, "काका, सापडले!"

काकू गेल्या त्या ऐन थंडीत. चार दिवस ताप, मग छातीत कफ, मग दवाखाना. आदल्या संध्याकाळी मला म्हणाल्या होत्या, घरी गेल्यावर पापड लाटायचेत, तू ये. पहाटे वैशालीचा फोन आला. सगळं इतक्या भराभर झालं की दिगंबरमामा अर्धापूरहून पोचेपर्यंत काकूंना घरी आणलेलंही होतं. मामा दारातच बसले, आत येईनात.

वैशाली लातूरला राहायची. सासर जळकोटचं, पण ती आणि तिचे मिस्टर दोघंही लातूरला शिकवायचे. ती महिनाभर राहिली, वडिलांना चला म्हणाली. काका म्हणाले, बघू. ती गेली. काका एकटे राहिले. सकाळी आंघोळ करून वर यायचे, झाडाला पाणी घालायचे, खाली जायचे. दुपारी पंख्याचा आवाज यायचा. थंडी होती तोवर झाडाचंही बरं चाललं होतं.

उन्हं तापायला लागली आणि एक दिवस कपडे काढताना मला दिसलं, जुनिपरचे शेंडे तपकिरी झालेत. सगळीकडून, सारखे. मी दोन दिवस बघितलं. काका सकाळी येऊन जात होते तरी त्यांच्या नजरेला आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात गेले.

"काका, झाड बघितलंत का?"

"रोज बघतो की."

"आज नीट बघा."

वर आले. चष्मा कपाळावर सरकवला. मग नेहमीप्रमाणे सगळं सुरू केलं. कागद धरला, टिचकी मारली, भिंगातून बघितलं. काही नव्हतं. नखानं साल खरवडली. खाली ओलं, हिरवं. "जिवंत हाय," ते पुटपुटले. दोन्ही हातांनी कुंडी उचलली आणि चपापले, इतकी ती हलकी झाली होती. खड्यांत बोट घातलं. ते खडे भट्टीतून आत्ताच काढल्यासारखे कोरडे होते.

"पाणी कोण घालतं?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं. माझ्याकडे बघून विचारलं होतं, आणि तसंच ते बघत राहिले.

कुंडी हळूच खाली ठेवून ते जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "दुपारी ती किती वाजता यायची हो?"

"जेवणं झाली, भांडी आवरली की. दोनच्या पुढं-मागं."

"कशानं घालायची?"

"फुलपात्रानं."

"एक का दोन?"

"ते मी नाही बघितलं काका."

"तुळशीला आधी घालायची का ह्याला?"

"नाही माहीत."

"काही बोलायची का?"

"पुटपुटायच्या कधीकधी. इथपर्यंत ऐकू नाही यायचं."

ते एकेक प्रश्न विचारत होते, मी नाही नाही म्हणत होते. आयुष्यभर दुसऱ्यांना बोलतं करणारा माणूस, आणि त्यांना जे हवं होतं ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. शेवटी प्रश्न संपले.

"मी खाली झोपलेला असायचो," ते म्हणाले. "रोज. एकदा तरी उठून वर यायचं की न्हाई?"

मग उठले. घमेल्यात पाणी भरून कुंडी त्यात बुडवून ठेवली, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत तिथंच उभे राहिले. काठ्या लावून सावलीला हिरवी जाळी बांधली. मी दोरी धरली, तेवढंच.

त्या दिवसानंतर दुपारी त्यांच्या घरातून पंख्याचा आवाज आला नाही. रणरणतं ऊन, सगळी कॉलनी दारं लावून झोपलेली, आणि काका डोक्याला पंचा गुंडाळून गच्चीच्या पायरीवर बसलेले. हातात फुलपात्र. आधी एक ओतायचे. थांबायचे. जरा वेळानं दुसरं. पाणी खालून निघून जायचं, फरशीवर ओघळ यायचा आणि बघता बघता वाळायचा. तो वाळेपर्यंत ते बसून राहायचे. मी आमच्या जिन्याच्या खिडकीतून बघायचे आणि वर जायचं टाळायचे.

वैशाली सुट्टीत आली तेव्हा तिनं सरळ उपाय सांगितला. "अप्पा, त्यात कोकोपीट मिसळा. ओल धरून ठेवतं. एकदा पाणी घातलं की झालं, उन्हात बसायला नको."

तिचं अगदी बरोबर होतं. काकांनाही ते ठाऊक होतं.

"नको," ते म्हणाले. "ह्याला दोनदाची सवय हाय."

पावसाळ्यात झाडाला नवे शेंडे आले, पोपटी, बोट लावलं तर मऊ लागणारे. काकांनी मला भिंतीवरून हाक मारली. मी गेले. त्यांनी बोटानं दाखवलं. पंच्यानं तोंड पुसून खाली गेले.

दोन-एक वर्षं अशी गेली. मग एकदा न्हाणीघरात पाय घसरून पडले, गुडघा दुखावला, आणि वैशालीनं पुढं काही ऐकून घेतलं नाही. घर भाड्यानं दिलं. गाडीत काका पुढच्या सीटवर बसले, जुनिपर मांडीवर. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "लातूरला पाण्याचे हाल असतेत म्हणं." काका म्हणाले, "माझ्या वाटणीचं घालीन." गाडी वळली.

महिन्याभरात फोन आला. "बाई, ऊन न्हाई हो हितं." फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीसमोर दुसरी इमारत. सकाळचं जरासं ऊन यायचं आणि जायचं. गच्चीला कुलूप, आणि उघडी असती तरी काकांचा गुडघा तेवढे जिने चढणार नव्हता. आतली पानं तपकिरी व्हायला लागली होती. ह्या खेपेला काकांनी कागद धरला नाही, भिंग काढलं नाही. माझा काही उपाय सांगायचा विचार होता, पण त्यांच्या आवाजावरून कळलं की त्यांचं ठरलं आहे.

आठवड्याभरानं आमच्या दारात जीप थांबली. दिगंबरमामा लातूरहून अर्धापूरला परत निघाले होते. शेजारच्या सीटवर जुनिपर, पट्टा लावून बसवलेलं, मागं उशी.

"दाजींनी बोलावून घेतलं," मामा म्हणाले. "म्हणले, तुझ्याकडं उघडं रान हाय, विहिरीला पाणी हाय, घेऊन जा. बाई, तुम्ही रोज बघायच्या म्हणं. अक्का दुपारी किती पाणी घालायची?"

"मामा, मलाही नक्की नाही माहीत."

"मग दाजी म्हणले तसंच करतो. आधी एक, मग थांबून एक. मी सोता घालणार, गड्यावर सोडायचं न्हाई म्हणून सांगितलंय."

"काका काही बोलले का? देताना?"

मामांनी जीपच्या दाराला हात टेकला. "न्हाई ओ. खाली गाडीपर्यंत सोता घेऊन आले, लिफ्टमधी मला हात लावू दिला न्हाई. मला म्हणले, कापू नको, खत घालू नको, आणि हसू नको." मामा हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. "कसं हसीन?" असं म्हणून गाडीत बसले.

ते झाड अजून आहे. केळीच्या बागेच्या कडेला, विहिरीजवळच्या चौथऱ्यावर. मामा मला अधूनमधून फोटो पाठवतात, आणि तो दरवेळी दुपारचा असतो, कुंडीखाली ओल दिसणारा. काका मात्र गेले. झोपेतच गेले, असं वैशाली फोनवर म्हणाली. रात्री झोपले होते ते उठले नाहीत.

त्याच्या आदल्या वर्षी बोर्डाच्या उत्तरपत्रिकांच्या कामासाठी मी लातूरला गेले होते, तेव्हाची आमची शेवटची भेट. काम लवकर संपलं म्हणून त्यांच्याकडे गेले. घरात ते एकटेच होते, भरदुपारी जागे, गॅलरीतल्या खुर्चीवर ताठ बसलेले. वाळले होते. मला बघून उठायची गडबड केली, स्वतः चहा केला, साखर जास्त पडली. कॉलनीतल्या एकेका घराची चौकशी केली. आपल्या घरात जे भाडेकरू आलेत ती माणसं कशी आहेत, गच्चीवर जातात का, विचारलं. झाडाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही.

निघाले तर म्हणाले, "स्टँडापर्यंत येतो." नको नको म्हणाले तरी रिक्षात बसले. स्टँडवर नांदेडची गाडी लागलेली होती. मी खिडकीपाशी जागा धरली. काका खाली उभे. कंडक्टर आला तसं त्यांनी त्याला थांबवलं.

"ही गाडी अर्धापूरला जाती का?"

"न्हाई काका. नांदेडपर्यंतच."

"पुढं न्हाई जात?"

"नांदेडला उतरून दुसरी धरावी लागते. तुम्हाला जायचंय का?"

"न्हाई न्हाई," काका म्हणाले. "उगी विचारलं."

इतकी वर्षं नांदेडात काढलेल्या माणसाला कुठली गाडी कुठपर्यंत जाते हे ठाऊक नसेल? मी काही बोलायच्या आत गाडी मागं सरकायला लागली. काकांनी हात वर केला. मीही केला. गाडी वळली तेव्हा मी मागच्या काचेतून बघितलं. घरी जायला वळतील असं वाटलं होतं. ते पलीकडं लागलेल्या दुसऱ्या गाडीपुढे जाऊन उभे राहिले होते, चष्मा कपाळावर सरकवून, मान वर करून, तिची पाटी वाचत.